बेसबॉलच्या हिशेबात न मावलेला रे डँड्रिज

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलनं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगनं, एक घोषणा केली आणि विक्रमांच्या यादीतली सर्वांत वरची नावं एका दिवसात बदलली. संपूर्ण कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सर्वोत्तम सरासरीचा मान इतकी वर्षं टाय कॉबकडे होता, तो जॉश गिब्सनकडे गेला. कॉब १९२८ साली निवृत्त झाला. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी वारला. खेळाडू दोघंही कधीच काळाआड गेलेले, मग हा विक्रम मोडला कधी आणि कुणी?

उत्तर असं की विक्रम ऐंशी वर्षांपूर्वीच झाला होता, फक्त तो धरायचा नाही असं ठरलेलं होतं. गिब्सन कृष्णवर्णीय होता. तो ज्या लीगमध्ये खेळला तिला 'मेजर' म्हणायला बेसबॉलच्या कारभाऱ्यांना २०२० साल उजाडावं लागलं, आणि तिथले आकडे मुख्य वहीत चढायला आणखी साडेतीन वर्षं गेली.

ही बातमी वाचून बऱ्याच जणांना वाटलं, चला, उशिरा का होईना, हिशेब चुकता झाला. मला तसं वाटत नाही. का, ते सांगायला गिब्सनपेक्षा एका कमी प्रसिद्ध माणसाची कारकीर्द जास्त उपयोगी पडते. त्याचं नाव रे डँड्रिज. थर्ड बेसचा खेळाडू, जन्म ३१ ऑगस्ट १९१३, व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड.

आधी मैदान आणि सरासरी

बेसबॉलच्या मैदानाचा गाभा म्हणजे एक चौरस, प्रत्येक बाजू ९० फुटांची. एका कोपऱ्यात फलंदाज उभा असतो, बाकीच्या तीन कोपऱ्यांना फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेस म्हणतात. या चौरसाच्या कडेनं जे चार क्षेत्ररक्षक उभे असतात (तीन बेसचे तिघं आणि सेकंड व थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप) ते इन्फिल्डर. चेंडू टाकणारा पिचर आणि फलंदाजामागे बसणारा कॅचर वेगळे, आणि लांब गवतात उभे असतात ते आउटफिल्डर.

यातली थर्ड बेसची जागा विशेष अवघड. उजव्या हातानं खेळणाऱ्या फलंदाजाचा कडक फटका बहुतेक वेळा तिकडेच येतो, आणि तो अडवून चेंडू थेट समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे सुमारे १२७ फुटांवरच्या फर्स्ट बेसला, धावणारा फलंदाज तिथे पोचण्याआधी फेकायचा असतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सिली पॉइंटवाल्याची चपळाई आणि कव्हर्समधून थेट यष्टी उडवणाऱ्याचा हात, दोन्ही एकाच माणसात हवेत.

सरासरी त्याहून सोपी. फलंदाजीच्या दहा संधींत तीनदा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला, तर सरासरी ०.३००. एवढं करणारा फलंदाज उत्तम मानला जातो. कॉबची कारकिर्दीतली सरासरी ०.३६७, गिब्सनची ०.३७२.

डँड्रिज फेंगड्या पायांचा, जेमतेम ५ फूट ७ इंच उंचीचा गडी. त्याच्याबद्दल एक वाक्य बेसबॉलवाले अजून सांगतात: त्याच्या दोन पायांमधून आगगाडी जाईल, पण चेंडू जाणार नाही. धावणाऱ्याचा वेग ओळखून तो मुद्दाम आरामात चेंडू फेकायचा आणि माणसाला जेमतेम एका पावलानं बाद करायचा, असंही सांगतात. थोडी फुशारकी असेलही त्यात, पण प्रेक्षक तिकीट काढून तेच बघायला येत.

बंदी होती, पण नियम नव्हता

मेजर लीगच्या कुठल्याही नियमावलीत 'कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही' असं वाक्य नव्हतं. उलट १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून तेव्हाच्या मेजर लीगमध्ये खेळला होता.

मग दार बंद झालं कसं? १८८७ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला एक प्रदर्शनीय सामना ठरला होता. शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. त्यानं कृष्णवर्णीय खेळाडूंसमोर उतरायला नकार दिला, आणि नेवार्कचा कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही त्या दिवशी खेळला नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. बाकीच्या लीगांनी ठराव करण्याचीही तसदी घेतली नाही. सगळ्या मालकांनी तेच करायचं, एवढी आपसातली समजूत पुरेशी होती. पुढची साठेक वर्षं ती पाळली गेली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: त्या वेळचा कायदाच तसा होता, बेसबॉलला दोष का द्यायचा? दक्षिणेतल्या राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहं वेगळी ठेवणारे कायदे होते हे खरं. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळं पण समान' म्हणत त्यांना मान्यताही दिली होती. पण मेजर लीगचे १६ संघ होते न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांत. संघ एकाच वर्णाचा असला पाहिजे असा कायदा न्यूयॉर्कमध्ये नव्हता. म्हणजे मालकांवर कुणाची सक्ती नव्हती, त्यांनी हे राजीखुशीनं केलं. आणि लेखी काहीच नसल्यामुळे कुणी विचारलं तर 'आमच्याकडे असा नियमच नाही' म्हणायला मोकळे. लेखी नियम असता तर निदान त्याविरुद्ध भांडता तरी आलं असतं.

समांतर बेसबॉल

ज्यांना आत घेत नाहीत त्यांनी आपलं दुकान थाटलं. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर या खेळाडू-मालकाच्या पुढाकारानं नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. तिच्यासह १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीगांना आज मिळून नीग्रो लीग म्हणतात. ते इतिहासातलं नाव आहे म्हणून इथे तसंच ठेवलंय.

या लीगांची आर्थिक घडी समजली की पुढचा आकड्यांचा घोळही समजतो. बहुतेक संघांकडे स्वतःचं मैदान नव्हतं, ते गोऱ्या संघांकडून भाड्यानं घ्यावं लागे. डँड्रिज ज्या नेवार्क ईगल्सकडून खेळला तो संघ रूपर्ट स्टेडियममध्ये खेळायचा, आणि ते स्टेडियम होतं न्यूयॉर्क यँकीजच्या दुय्यम संघाचं. तो संघ गावाबाहेर खेळायला गेला की मैदान मिळणार. त्यामुळे लीगचे अधिकृत सामने मोजके, शनिवार-रविवारकडे झुकलेले. बाकी दिवस बस घेऊन गावोगाव हिंडायचं आणि स्थानिक संघ, गिरणीचे संघ, जो उभा राहील त्याच्याशी तिकीट लावून खेळायचं. दिवसात दोन सामने नेहमीचे, कधी तीन. रस्त्यात हॉटेलं घेत नसत, मग बसमध्येच झोपायचं.

पगार याच भटकंतीतून निघायचा, पण त्यातले बहुतांश सामने लीगचे नव्हते. मेजर लीगचा हंगाम तेव्हा १५४ सामन्यांचा असे. नीग्रो लीगमधला खेळाडू वर्षभरात त्याहून जास्त खेळायचा, पण हिशेबात धरायला साठ-ऐंशीच हाती लागतात, कधी त्याहूनही कमी.

डँड्रिजनं १९३३ मध्ये डेट्रॉइट स्टार्सकडून सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी तो नेवार्कला आला. तिथे १९३७ साली जे चौघं एकत्र उभे राहिले त्यांना लोक 'मिलियन डॉलर इन्फिल्ड' म्हणत: फर्स्टला म्यूल सटल्स, सेकंडला डिक सीय, शॉर्टस्टॉप विली वेल्स आणि थर्डला डँड्रिज. हे चौघं गोरे असते तर दहा लाख डॉलरला विकले गेले असते, असा त्या नावाचा अर्थ. कौतुकाच्या नावातच हिशेब मांडून ठेवला होता म्हणायचा. या चौघांपैकी सटल्स, वेल्स आणि डँड्रिज आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आहेत. संघाच्या मालकीण एफा मॅनली याही आहेत, २००६ मध्ये निवडल्या गेलेल्या त्या तिथल्या पहिल्या महिला. पण १९३७ मध्ये यातल्या कुणालाही मेजर लीगचा करार मिळण्याची शक्यता शून्य होती.

सीमेपलीकडे

१९३९ मध्ये डँड्रिजनं देश सोडला. आधी व्हेनेझुएला, मग मेक्सिको, हिवाळ्यात क्यूबा. १९४८ पर्यंतची त्याची उमेदीची वर्षं, मधले एक-दोन हंगाम सोडले तर, मेक्सिकन लीगमध्ये गेली. तिथे त्याची सरासरी ०.३४० च्या वर राहिली. होर्हे पास्केल या श्रीमंत उद्योजकानं या लीगमध्ये पैसा ओतला होता, आणि डँड्रिजला तो नेवार्कपेक्षा कितीतरी जास्त देत होता.

पैसा हे एक कारण. दुसरं कारण विली वेल्सनं सांगून ठेवलंय. तोही मेक्सिकोत खेळायला गेला होता. १९४४ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या वेंडेल स्मिथशी बोलताना त्यानं स्पष्ट म्हटलं की जे स्वातंत्र्य आणि जी लोकशाही अमेरिकेत कधी मिळाली नाही ती इथे मिळाली, आणि इथे मी माणूस आहे. त्याच्या देशाचे सैनिक तेव्हा लोकशाहीसाठी युरोपात लढत होते.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, पास्केलनं काही गोऱ्या मेजर लीग खेळाडूंनाही मेक्सिकोत ओढलं. तेव्हा मात्र अमेरिकेत मोठा गहजब झाला आणि बेसबॉल आयुक्तांनी त्या खेळाडूंवर पाच वर्षांची बंदी घातली (ती १९४९ मध्ये उठवावी लागली). डँड्रिज, वेल्स वर्षानुवर्षं तिथे खेळत होते तेव्हा मेजर लीगला त्याची काहीच पडलेली नव्हती. जे आपल्याकडे नव्हतेच ते पळून गेले असं कसं म्हणणार!

पण १९४७ मध्ये दार उघडलं ना?

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. तोही इन्फिल्डर, त्या वर्षी फर्स्ट बेसला आणि पुढे सेकंडला. त्याच जुलैमध्ये नेवार्कचाच लॅरी डोबी क्लीव्हलंडला गेला. रॉबिन्सनच्या आधीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, ब्रुकलिननं एक डॉलरही दिला नव्हता. एफा मॅनली यांनी भांडून डोबीसाठी एकूण १५ हजार डॉलर मिळवले. गोऱ्या खेळाडूसाठी याहून कितीतरी जास्त मोजले असते, हे त्यांनी ऐकवायलाही कमी केलं नाही.

इथे आपल्या डोक्यातलं चित्र जरा दुरुस्त करायला हवं. १९४७ ला भिंत पडली आणि सगळे आत आले असं झालं नाही. दार किलकिलं झालं आणि दारात मोजणी सुरू झाली. बॉस्टन रेड सॉक्सनं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला तो १९५९ च्या जुलैमध्ये, पम्प्सी ग्रीन, पुन्हा एक इन्फिल्डर. रॉबिन्सननंतर तब्बल बारा वर्षांनी. आणि ज्या संघांनी घेतले त्यांनीही किती घ्यायचे याचा एक न लिहिलेला आकडा मनाशी धरला होता. न लिहिता नियम पाळायची सवय जुनीच होती.

डँड्रिजलाही १९४७ मध्ये विचारणा झाली होती. त्यानंच पुढे सांगितल्याप्रमाणे, क्लीव्हलंडचा मालक बिल व्हेक यानं त्याला मेक्सिकोत गाठलं, पण करार करताना द्यायची आगाऊ रक्कम द्यायला तो तयार नव्हता. डँड्रिजनं नकार दिला. 'मग चूक त्याचीच' असं म्हणणारे भेटतात. पण वयाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी, बायकामुलं पदरात असताना, चांगला पगार आणि मानानं वागवणारा मालक सोडून, जिथे तोंडावर शिव्या ऐकायच्या आहेत अशा ठिकाणी रिकाम्या हातानं का जायचं? माझ्या मते तो नकार व्यवहारी होता. पुढे त्याला तो सलत राहिला, ही गोष्ट वेगळी.

मिनियापोलिसची चार वर्षं

१९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं त्याच्याशी करार केला. तो ३५ वर्षांचा होता, आणि त्यानं वय काही वर्षं कमी करून सांगितलं होतं असं म्हणतात. जायंट्सनं त्याला मिनियापोलिस मिलर्स या आपल्या दुय्यम संघात पाठवलं. मेजर लीगच्या क्लबांचे असे खालचे संघ असतात, तिथून तयार खेळाडू वर बोलावले जातात. मिलर्सचा वर्ग सर्वांत वरचा, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली.

पहिल्या वर्षी डँड्रिजनं ०.३६२ ची सरासरी काढली. दुसऱ्या वर्षी, १९५० मध्ये, मिलर्सनं विजेतेपद मिळवलं आणि संपूर्ण लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून डँड्रिजची निवड झाली. तिसऱ्या वर्षी ०.३२४. वरून बोलावणं काही आलं नाही.

१९५१ मध्ये मिलर्सकडे वीस वर्षांचा एक पोरगा आला, विली मेज. डँड्रिजनं त्याला हाताशी धरलं, शिकवलं, सांभाळलं. मेज हे आयुष्यभर कृतज्ञतेनं सांगत राहिला. मेजनं ३५ सामन्यांत ०.४७७ ची अचाट सरासरी काढली आणि मे महिन्यात जायंट्सनं त्याला बोलावून घेतलं. त्याच्यासाठी जागा करताना खाली कुणाला पाठवलं? आर्टी विल्सनला. हा शॉर्टस्टॉप १९४८ मध्ये नीग्रो लीगमध्ये ०.४०२ च्या सरासरीनं खेळला होता, आणि जायंट्सकडे त्याला १९ सामन्यांत फलंदाजीच्या फक्त २२ संधी मिळाल्या होत्या. एक कृष्णवर्णीय वर आला, एक खाली गेला. हा योगायोग असेल असं मानायला मी तयार आहे, पण त्या काळातल्या खेळाडूंपैकी फारसं कुणी तसं मानत नव्हतं.

पण त्याचं वय झालं होतं, हे तर खरं ना?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो उडवून लावता येत नाही. १९५० मध्ये डँड्रिज ३७ ला पोचला होता. जायंट्सकडे थर्ड बेसला हँक थॉम्पसन होता, वयानं बारा वर्षांनी लहान आणि तोही कृष्णवर्णीय. क्लब तरुणाला पसंती देणार, हे समजण्यासारखं आहे. शिवाय मिनियापोलिसच्या प्रेक्षकांचा तो लाडका होता, त्याच्यामुळे तिकिटं खपत, आणि हे कारणही त्याच्या आड आलं असं म्हटलं जातं.

तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, वय हा अडसर सगळ्यांना सारखा नव्हता. पिचर सॅचेल पेज १९४८ मध्ये क्लीव्हलंडकडून पहिला मेजर लीग सामना खेळला तेव्हा त्याचा बेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्या हंगामात त्यानं सहा सामने जिंकून दिले, एकच हरला. दुसरी जास्त महत्त्वाची: डँड्रिजचं वय झालं होतं कशामुळे? चोवीस वर्षांचा असताना तो देशातल्या सर्वोत्तम इन्फिल्डमध्ये उभा होता. तेव्हा वर्णामुळे घेतलं नाही, आणि वर्ण चालायला लागला तेव्हा वयामुळे घेतलं नाही. दुसरं कारण पहिल्यातूनच आलेलं आहे. ते वेगळं काढून 'निव्वळ क्रीडाविषयक निर्णय' म्हणणं मला पटत नाही.

एक दिवस तरी वर खेळवायला हवं होतं, असं डँड्रिज म्हातारपणीही म्हणत असे. १९८७ मध्ये ज्येष्ठ खेळाडूंच्या समितीनं त्याला हॉल ऑफ फेममध्ये निवडलं. १२ फेब्रुवारी १९९४ रोजी फ्लोरिडात तो वारला. मेजर लीगमध्ये खेळलेले सामने: शून्य.

मग २०२४ च्या आकड्यांनी काय बदललं?

वरचा शून्य बदलला, हे मान्य करायला हवं. नीग्रो लीग 'मेजर' ठरल्यामुळे डँड्रिज आज कागदोपत्री मेजर लीग खेळाडू आहे, आणि २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत आले आहेत. विली मेजच्या हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठलेले फटके) ३,२८३ वरून ३,२९३ झाल्या, कारण १९४८ मध्ये नीग्रो लीगमधल्या बर्मिंगहॅमकडून मारलेल्या दहा हिट आता धरल्या जातात.

यावर ठरलेली तक्रार अशी: इतक्या थोड्या सामन्यांच्या सरासरीची तुलना कॉबशी कशी करता? शंका रास्त आहे. छोट्या हंगामात सरासरी सहज फुगते किंवा कोसळते. पण मेजर लीगनं २०२० चा कोविडमधला हंगाम ६० सामन्यांचा खेळवला आणि त्याचे आकडे बिनतक्रार धरले. शिवाय कॉबनं आपली सरासरी काढली ती एकाही कृष्णवर्णीय पिचरचा चेंडू लीगमध्ये न खेळता. अर्धवट खेळाचे आकडे दोन्ही बाजूंचे आहेत, फक्त एका बाजूला आपण ते इतकी वर्षं पूर्ण समजत होतो.

हे आकडे आले कुठून, तेही सांगतो. वर्षानुवर्षं काही संशोधक आणि हौशी मंडळी 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर' आणि गावोगावच्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म चाळून एकेका सामन्याचा धावफलक गोळा करत बसली. १९२० ते १९४८ मधली सुमारे तीन चतुर्थांश नोंद हाती आली आहे असा अंदाज आहे. उरलेले धावफलक सापडत जातील तसे आकडे हलत राहतील.

डँड्रिजचा प्रश्न मात्र मायक्रोफिल्म चाळून सुटणारा नाही. त्याच्या अधिकृत पानावर आज डेट्रॉइट आणि नेवार्कचे हंगाम दिसतात. मेक्सिकोची वर्षं तिथे नाहीत, कारण ती परदेशी लीग. मिनियापोलिसची चार वर्षं नाहीत, कारण तो दुय्यम संघ. गावोगावचे सामने नाहीत, कारण ते प्रदर्शनीय. प्रत्येक नियम आपल्या जागी बरोबर आहे. जपानमधल्या १,२७८ हिट धरा असं इचिरो सुझुकीच्या बाबतीतही कुणी म्हणत नाही, त्याच्या खात्यावर अमेरिकेतल्या ३,०८९ च लागतात. फरक एवढाच की इचिरो जपानी लीगमध्ये खेळला कारण तो त्याचा देश होता. डँड्रिज मेक्सिकोत खेळला तो स्वतःच्या देशातल्या सोळाही संघांची दारं बंद होती म्हणून. हा फरक नोंदवायला धावफलकात रकाना नाही, आणि मेक्सिकोचे आकडे उद्या धरायचे ठरवले तर मेक्सिकन लीगला 'मेजर' म्हणायचं की नाही हा नवा वाद उभा राहील. १९४६ मध्ये आपले खेळाडू पळवले म्हणून त्याच लीगविरुद्ध मेजर लीगनं बंदीचं हत्यार उपसलं होतं, हे त्या वादात कुणीतरी काढेलच.